‘संधिवात’ या एका शब्दात दडलेले शंभर आजार

सांधे दुखतात म्हणून डॉक्टरांकडे गेलं की एक प्रश्न हमखास येतो: “सकाळी उठल्यावर बोटं किती वेळ आखडलेली असतात?” विचारणाऱ्याचा सूर सहज असतो, आपणही सहज काहीतरी सांगून टाकतो. पण त्या उत्तरावर पुढचं बरंच काही ठरतं. पाच-दहा मिनिटं हातपाय हलवले की मोकळं वाटत असेल तर डॉक्टरांच्या मनात एक आजार येतो. तास उलटला तरी मूठ वळत नसेल तर दुसराच. पहिल्यात बहुधा सांध्याची झीज असते, दुसऱ्यात शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठलेलं असतं. दोन्हींची औषधं वेगळी, धोके वेगळे, आणि दुसऱ्यात वेळ दवडला तर सांधा कायमचा वाकडा होऊ शकतो. घरी मात्र आपण दोन्हींना ‘संधिवात’च म्हणतो.

वैद्यकशास्त्र या नावाखाली शंभराहून अधिक आजार मोजतं. माझ्या मते सांध्यांवरच्या गेल्या दोनशे वर्षांच्या संशोधनातला निम्मा काळ हे गाठोडं सोडण्यातच गेला. कुठली गाठ सुटली, की त्या आजाराचं औषध सापडलं. जिथे ती सुटली नाही, तिथे अजून चाचपडणं चालू आहे. सगळ्यांना पुरं पडणं शक्य नाही, म्हणून इथे तिघांचीच गोष्ट सांगतो: गाउट, आमवात आणि झिजेचा संधिवात.

आधी सांध्याची रचना थोडक्यात. दोन हाडं जिथे भेटतात तिथे त्यांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. भोवती एक पिशवी, पिशवीला आतून पातळ अस्तर, आणि ते अस्तर वंगणासारखा द्रव तयार करतं. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात आणि नसाही नसतात. तिला अन्न मिळतं ते याच द्रवातून, हालचालीच्या दाबाने, स्पंज दाबावा-सोडावा तसं. या दोन गोष्टी लक्षात असू द्या, पुढे लागतील.

सुईसारखे स्फटिक

पहिली गाठ सुटली ती गाउटची. पायाचा अंगठा रात्रीतून टरारून सुजतो, लालभडक होतो, चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. लंडनचे डॉक्टर अल्फ्रेड गॅरॉड यांनी १८४८ साली दाखवून दिलं की या रुग्णांच्या रक्तात यूरिक ॲसिड जास्त असतं. पुढे त्यांनी काढलेली चाचणी फार साधी होती. रक्तातला पातळ भाग वेगळा करायचा, त्यात थोडं ॲसिड घालायचं, एक धागा सोडायचा आणि वाट बघायची. धाग्यावर स्फटिक धरले की निदान पक्कं.

पण हे स्फटिकच दुखण्याचं कारण, की दुखण्याबरोबर आलेली नुसती सोबत? हा प्रश्न शंभर वर्षं लोंबकळत राहिला. १९६१ साली फिलाडेल्फियात मॅकार्टी आणि हॉलंडर या डॉक्टरांनी सुजलेल्या सांध्यातला द्रव खास प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि त्यात सुईसारखे स्फटिक दिसले. तेवढ्यावर समाधान झालं नाही म्हणून पुढच्या वर्षी मॅकार्टी आणि त्यांचे सहकारी फेअर्स यांनी ते स्फटिक स्वतःच्याच गुडघ्यांत टोचून घेतले. काही तासांतच गाउटचा अस्सल झटका आला. पुरावा म्हणून याहून जास्त काय हवं?

मग २००६ साली स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी दाखवलं की हे स्फटिक पांढऱ्या पेशींमधली एक धोक्याची घंटा वाजवतात आणि त्या घंटेमुळे दाह भडकतो. बहुतेक सस्तन प्राण्यांकडे यूरिक ॲसिड मोडून टाकणारं एन्झाइम असतं, माणसाच्या पूर्वजांमध्ये ते फार पूर्वीच निकामी झालं. त्यामुळे हे दुखणं आपल्या वाट्याला आलं. तरीही यूरिक ॲसिड वाढलेल्या बहुतेकांना गाउट होत नाही, म्हणून नुसत्या रिपोर्टमधला आकडा बघून घाबरायचं कारण नाही.

औषध १९६६ पासून हाताशी आहे: ॲलोप्युरिनॉल. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी ते कर्करोगाच्या औषधाला जोड म्हणून शोधलं होतं, कामी आलं गाउटला. यात एक मेख आहे. सुरुवातीचे काही महिने झटके वाढू शकतात, कारण साठलेले स्फटिक विरघळताना सुटे होतात. रुग्णाला वाटतं औषधानेच वाढलं, आणि तो गोळी बंद करतो. हे आधी कोणीतरी समजावून सांगायला हवं, इतकंच.

कुंपणानेच शेत खाल्लं तेव्हा

गॅरॉड यांनीच १८५९ साली आणखी एक काम केलं. गाउटच्या गाठोड्यातून त्यांनी एक आजार बाजूला काढला आणि त्याला ‘ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ हे नाव दिलं. मराठीत त्याला बरेचदा आमवात म्हणतात. यात रोगप्रतिकारशक्ती, म्हणजे शरीराचं कुंपण, सांध्याच्या अस्तरावरच तुटून पडते. अस्तर फुगतं, जाड होतं, आणि कडेने कूर्चा आणि हाड कुरतडायला लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात सुमारे १ कोटी ८० लाख लोकांना हा आजार होता, आणि त्यातल्या जवळजवळ ७० टक्के स्त्रिया होत्या.

कुंपण शेत का खातं, याचं पूर्ण उत्तर अजून नाही. पण धागेदोरे बरेच जुळले आहेत. आनुवंशिकतेचा वाटा आहे, मात्र लोक समजतात तेवढा नाही. जुळ्या, अगदी एकसारख्या भावंडांपैकी एकाला आमवात झाला तर दुसऱ्याला तो होण्याचं प्रमाण साधारण १५ टक्केच आहे. जनुकं सगळी तीच, मग उरलेल्या ८५ टक्के जोड्यांत दुसरं भावंड सुटतं कसं? याचा अर्थ बाहेरून काहीतरी ठिणगी पडावी लागते.

सगळ्यात पक्की ठिणगी म्हणजे धूम्रपान. तंबाखूच्या धुराने फुप्फुसातली काही प्रथिनं किंचित बदलतात. त्यांच्यातल्या एका घटकाचं ‘सिट्रुलिन’ नावाच्या घटकात रूपांतर होतं. हा बदल इवलासा असतो, पण काही विशिष्ट जनुकं असलेल्या माणसाच्या रोगप्रतिकारशक्तीला तेवढ्यानेही ते प्रथिन परकं वाटतं. ती त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवते. पुढे तीच प्रतिपिंडं असलेल्या माणसाचे सांधे पेटतात. हिरड्यांच्या जुनाट आजारातला एक जिवाणूही प्रथिनांत असाच बदल घडवू शकतो, म्हणून काही संशोधक दातांच्या आरोग्याकडे संशयाने बघतात. सांध्याच्या आजाराची सुरुवात फुप्फुसात किंवा तोंडात होत असेल, हे ऐकायला विचित्र वाटतं खरं.

मला स्वतःला सगळ्यात चकित करणारा पुरावा रक्तपेढीतून आला. नेदरलँड्समध्ये आमवाताच्या काही रुग्णांनी आजारी पडण्याच्या कितीतरी आधी रक्तदान केलेलं होतं आणि त्यांचे जुने नमुने जपून ठेवलेले होते. ते तपासल्यावर जवळजवळ निम्म्या लोकांच्या रक्तात आजाराच्या खुणा लक्षणांच्या काही वर्षं आधीच सापडल्या. म्हणजे पहिलं बोट सुजतं तोवर आजार आत मुरलेला असतो. ‘अँटी-सीसीपी’ नावाची जी तपासणी डॉक्टर लिहून देतात, ती याच प्रतिपिंडांची.

आता उपचार. इथे तर कादंबरीसारखी वळणं आहेत. १९२९ साली फ्रेंच डॉक्टर जाक फॉरेस्टिए यांनी आमवातावर सोन्याच्या क्षारांची इंजेक्शनं दिल्याचं जाहीर केलं. क्षयाच्या जंतूंवर सोनं चालतं अशी तेव्हा समजूत होती, आणि आमवात हा क्षयाचाच भाऊबंद असावा असा त्यांचा तर्क होता. तर्क साफ चुकीचा निघाला. तरी काही रुग्णांना गुण आला आणि ही इंजेक्शनं पुढे अनेक दशकं वापरात राहिली.

त्याच १९२९ सालात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांना आमवाताचा एक रुग्ण भेटला. त्याला कावीळ झाली आणि सांधे एकदम शांत झाले. मग हेंच यांना दिसलं की गरोदरपणातही अनेक स्त्रियांचं दुखणं ओसरतं. शरीर स्वतःच काहीतरी तयार करत असणार, असं धरून ते वीस वर्षं त्या पदार्थाच्या मागे लागले. सहकारी एडवर्ड केंडल यांनी मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून वेगळं काढलेलं एक द्रव्य त्यांनी २१ सप्टेंबर १९४८ रोजी एका २९ वर्षांच्या तरुणीला टोचलं. जिला अंथरुणात कूस बदलणं मुश्कील होतं, ती काही दिवसांत चालायला लागली. हेच कॉर्टिसोन, पहिलं स्टिरॉइड औषध. १९५० साली नोबेल मिळालं. पण तोवर दुसरी बाजूही दिसू लागली होती: चेहरा सुजणं, हाडं ठिसूळ होणं, मनाचा तोल जाणं, आणि औषध थांबवलं की दुखणं दुप्पट होऊन परतणं. स्टिरॉइड आजही वापरतात, पण कमी मात्रेत आणि थोड्या काळासाठी, दुसरं औषध लागू पडेपर्यंतचा टेकू म्हणून.

ते दुसरं औषध म्हणजे बहुतेक वेळा मेथोट्रेक्सेट. याचं मूळ रक्ताच्या कर्करोगाच्या उपचारात आहे. त्याच जातीचं एक द्रव्य १९५१ मध्येच आमवातावर वापरून पाहिलं गेलं होतं, पण तेव्हा सगळ्यांचे डोळे स्टिरॉइडने दिपलेले होते. मेथोट्रेक्सेटची नीट चाचणी व्हायला १९८५ उजाडलं. कर्करोगासाठी देतात त्याच्या एका छोट्या अंशात ते आमवातावर चालतं, स्वस्त आहे, आणि आजही उपचाराची सुरुवात बहुधा त्यानेच होते. आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, हे ठळक अक्षरात सांगण्यासारखं आहे. चुकून रोज घेतल्यामुळे माणसं दगावली आहेत.

यानंतरचं पाऊल पहिल्यांदाच योगायोगाने न पडता विचारपूर्वक टाकलेलं होतं. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियान्यात जन्मलेले रविंदर मैनी हे दोघे रुग्णांच्या सांध्यातलं अस्तर प्रयोगशाळेत वाढवून बघत होते. दाह पसरवणारे निरोप एका पेशीकडून दुसरीकडे नेणारी डझनभर रसायनं त्यात सापडत होती. इतकी, की एकाला अडवून काय होणार, बाकीची आहेतच, असा सर्वसाधारण सूर होता. त्यांनी ‘टीएनएफ’ नावाच्या एकाला अडवलं आणि बाकीचेही गप्प व्हायला लागले. टोळीचा म्होरक्या सापडला होता. १९९२ साली चेरिंग क्रॉस रुग्णालयात २० रुग्णांवर पहिली चाचणी झाली. सगळी औषधं करून थकलेल्या त्या रुग्णांची सूज उतरली आणि थकवाही गेला. १९९८ पासून ही ‘बायोलॉजिक’ औषधं आमवातासाठी बाजारात यायला लागली.

अर्थात टीएनएफ शरीरात उगाच नसतो. फुप्फुसात झोपलेल्या क्षयाच्या जंतूंभोवती पेशींची जी भिंत असते, ती उभी ठेवायचं काम तो करतो. औषधाने तो अडवला की भिंत ढासळते. २००१ साली हे लक्षात आलं. म्हणून आता अशी औषधं सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करतात. त्यानंतर आलेल्या, ‘जॅक’ नावाची दाहाचा निरोप पेशीच्या आत पोचवणारी एन्झाइमं रोखणाऱ्या गोळ्यांचंही असंच झालं. इंजेक्शनऐवजी गोळी, म्हणून स्वागत झालं, मग वयस्क आणि हृदयविकाराचा धोका असलेल्या रुग्णांबाबत सावधगिरीचा इशारा द्यावा लागला.

पण एक चाचणी अशी आहे की जिच्यात नवं औषध कुठलंच नव्हतं, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ग्लासगोमध्ये ११० रुग्णांचे दोन गट केले. औषधं साधारण तीच, जुनीच. एका गटाला नेहमीसारखी तपासणी. दुसऱ्या गटाला दर महिन्याला बोलावून सुजलेले सांधे मोजायचे आणि आजार पुरता शमला नसेल तर उपचार वाढवायचे. दीड वर्षानंतर नेहमीच्या गटातल्या १६ टक्के रुग्णांचा आजार शमलेला होता. दुसऱ्या गटात ६५ टक्के. हे २००४ मध्ये छापून आलं. ‘बघू पुढच्या वेळी’ हा सल्ला किती महागात पडतो ते या दोन आकड्यांत आहे.

आता प्रश्न असा की खुणा आधी दिसतात तर आजार आधीच रोखता येईल का? ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये धोक्याच्या काठावर असलेल्या २१३ जणांवर तसा प्रयोग झाला, निकाल २०२४ मध्ये आले. अबॅटासेप्ट हे औषध वर्षभर दिलं तेव्हा वर्षाअखेर ६ टक्क्यांना आमवात झाला, औषधाचा नुसता आभास असलेली इंजेक्शनं घेणाऱ्यांत २९ टक्क्यांना. पण औषध थांबवल्यावर आणखी वर्षभरात हे अंतर बरंच कमी झालं: २५ आणि ३७. आजार पुढे ढकलला गेला, टळला किती हे स्पष्ट नाही. आणि ज्याला आजार कदाचित झालाच नसता त्याला वर्षभर रोगप्रतिकारशक्ती दाबणारं औषध द्यायचं का, हाही पेच आहेच.

सगळ्यांत जास्त लोकांचा, सगळ्यांत कमी समजलेला

झिजेचा संधिवात, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस, २०१९ साली जगातल्या सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना होता. आमवाताच्या जवळजवळ तीसपट. आणि तो थांबवणारं एकही औषध आज उपलब्ध नाही.

“वंगण संपलं” हे वाक्य आपण सर्रास ऐकतो. गाडीचा टायर झिजावा तसा सांधा झिजतो, हे चित्र इतकं सोयीचं आहे की डॉक्टरही तेच वापरतात. पण ते अपुरं आहे. नुसत्या वजनाने झीज होत असती तर लठ्ठ माणसांच्या फक्त गुडघ्यांना त्रास झाला असता. प्रत्यक्षात त्यांच्या हाताच्या बोटांनाही हा आजार जास्त होतो, आणि बोटांवर कोणी उभं राहत नाही. चरबीच्या पेशी दाह वाढवणारी रसायनं सोडतात, ती रक्तातून सगळीकडे फिरतात. शिवाय झीज होते म्हणतात त्या सांध्यात दुरुस्तीचे प्रयत्नही चालू असतात, फक्त ते वेडेवाकडे होतात. हाडाला कडेने टोकं फुटतात ती त्यातूनच.

(बोटांवरून आठवलं. बोटं मोडल्याने संधिवात होतो ही धमकी लहानपणी खाल्लेल्या डोनाल्ड उंगर या अमेरिकन डॉक्टरांनी पन्नास वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली आणि उजव्याची नाही. १९९८ मध्ये त्यांनी कळवलं: संधिवात दोन्ही हातांना नाही. एका माणसावरचा प्रयोग असला तरी चिकाटीला तोड नाही.)

कूर्चेत नसा नाहीत हे वर सांगितलं. मग दुखतं काय? अस्तर, कूर्चेखालचं हाड, भोवतालचे स्नायू. म्हणूनच एक्स-रे आणि दुखणं यांचं फारसं जमत नाही. एक्स-रेमध्ये गुडघा पार खराब दिसणारा माणूस मजेत जिना चढतो, आणि थोडीशीच झीज असलेला रात्रभर तळमळतो. फिल्म बघून गुडघ्याचं भविष्य सांगणाऱ्यावर म्हणूनच फार विश्वास ठेवू नये.

इथे उपचारांच्या संशोधनाने औषधं कमी दिली आणि भ्रम जास्त फोडले. गुडघ्यात दुर्बीण घालून ‘साफसफाई’ करण्याची शस्त्रक्रिया एके काळी लाखो लोकांवर होत होती. ह्यूस्टनमध्ये ब्रूस मोस्ली यांनी १८० रुग्णांना तीन गटांत वाटलं. दोन गटांवर खरी शस्त्रक्रिया. तिसऱ्या गटाला फक्त वरवर चिरा दिल्या, नाटक मात्र सगळं वठवलं. खोटी शस्त्रक्रियाही होऊ शकते हे रुग्णांना आधी सांगितलं होतं. दोन वर्षांनी तिन्ही गट सारखेच होते. २००२ साली हे छापून आल्यावर अस्थिशल्यचिकित्सकांत खळबळ माजली. ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांचंही तेच. १५८३ रुग्णांच्या चाचणीत नुसत्या आभासी गोळीनेही ६० टक्के लोकांना बरं वाटलं, आणि ग्लुकोसामाइनला त्याहून लक्षणीय जास्त काही साधलं नाही. गुडघ्यात दर तीन महिन्यांनी स्टिरॉइडचं इंजेक्शन दोन वर्षं घेतलं तर दुखणं कमी होत नाही, उलट कूर्चा थोडी जास्त झिजते, हे २०१७ मध्ये दिसलं.

मग उरतं काय? व्यायाम, आणि वजन. गुडघा दुखतो म्हणून बसून राहणाऱ्याच्या मांडीचे स्नायू वाळतात, धक्के झेलणारं कोणी उरत नाही, आणि कूर्चेचं ते दाबाने मिळणारं पोषणही आटतं. वजन एक किलो कमी झालं की दर पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोने घटतो. २०२४ मध्ये लठ्ठपणावरच्या सेमाग्लुटाइड या इंजेक्शनाची गुडघेदुखीसाठी चाचणी झाली आणि शंभरच्या मापात दुखणं सरासरी ४२ ने उतरलं. आभासी इंजेक्शनने उतरलं २७.५ ने. आणि गुडघा अगदीच निकामी झाला तर बदलणं. खुब्याच्या आधुनिक शस्त्रक्रियेचे जनक जॉन चार्नली यांचा टेफ्लॉनचा पहिला प्रयोग सपशेल फसला, तेव्हा त्यांनी नव्या प्लास्टिकचा तुकडा आधी स्वतःच्या मांडीत बसवून पाहिला होता. या क्षेत्रातल्या डॉक्टरांना स्वतःवर प्रयोग करायची खोडच दिसते.

कूर्चा एकदा गेली की भरून येत नाही, असं शरीररचनेचे अभ्यासक विल्यम हंटर यांनी १७४३ साली लिहून ठेवलं. अलीकडे स्प्रिफर्मिन नावाच्या औषधाने कूर्चेचा थर थोडा जाड झालाही. पण रुग्णांचं दुखणं कमी झालं नाही. म्हणजे पुन्हा तोच घोळ: आपण दुरुस्त करतोय तेच दुखतंय का?

त्यामुळे आता शंका अशी आहे की हाही एक आजार नसावा. जुन्या दुखापतीतून बिघडलेला गुडघा, लठ्ठपणातून बिघडलेला गुडघा, अस्तर सुजल्याने दुखणारं बोट, यांना एका नावाखाली गोळा करून एकच औषध दिलं तर चाचणी फसणारच. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ही शंका तपासायला एक साधी युक्ती केली. हाताच्या झिजेच्या रुग्णांपैकी ज्यांच्या सांध्याच्या अस्तराला सूज असल्याचं एमआरआयमध्ये दिसलं, तेवढेच ९७ जण निवडले आणि त्यांतल्या निम्म्यांना सहा महिने मेथोट्रेक्सेट दिलं, तेच आमवाताचं जुनं औषध. २०२३ मध्ये निकाल आला: त्यांचं दुखणं इतरांपेक्षा जास्त उतरलं. फरक मध्यमच होता, आणि मोठ्या चाचणीत तो टिकतो का हे अजून बघायचं आहे.